दाढ ठणकते म्हणून काजूच्या टरफलाचं तेल लावावं का?

उदगीरजवळच्या एका शेतकरी तरुणाने प्रश्न विचारला आहे. त्यांच्या वडिलांची खालची दाढ बरेच दिवस ठणकते आहे, गाल सुजलाय, हिरडीतून अधूनमधून पू येतो. चंदगडकडे काजूच्या कारखान्यात कामाला असलेल्या त्यांच्या दाजींनी टरफलाच्या तेलाची एक बाटली आणून दिली. मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात असं होतं की या तेलात दात किडवणाऱ्या जंतूंना मारणारं नैसर्गिक द्रव्य असतं, आणि नुसते कच्चे काजू चावून खाल्ले तरी दाढेचं गळू बसतं. घरात मात्र एकमत होईना. आजी म्हणतात, "हे बिब्याच्या जातीचं दिसतंय, तोंडात घालू नका." तर हे तेल दाढेला लावावं का, गोठ्यातल्या देवणी जातीच्या वासराच्या गजकर्णावर चालेल का, आणि सोयाबीनमधल्या गोगलगायींवर फवारता येईल का, असे तीन प्रश्न त्यांनी केले आहेत.

आधी दाढेचं सांगतो, कारण ते थांबण्यासारखं नाही. तेल लावू नका, आणि वडिलांना आज-उद्यात दंतवैद्याकडे न्या. गाल सुजलाय आणि पू येतोय म्हणजे दाढेच्या आतली नस मेलेली असण्याची शक्यता फार मोठी आहे. जंतू आता दाढेच्या वर राहिलेले नाहीत, मुळाच्या टोकाशी, जबड्याच्या हाडात शिरले आहेत. तिथे वरून लावलेलं कुठलंच औषध पोचत नाही, मग ते काजूचं असो, लवंगेचं असो की दुकानातलं महागडं. मेलेल्या नसेत रक्त फिरत नाही, त्यामुळे पोटात घेतलेलं प्रतिजैविकसुद्धा आतपर्यंत नीट जात नाही. गोळ्यांनी सूज उतरते, माणसाला वाटतं बरं झालं, आणि महिन्या-दोन महिन्यांनी तीच दाढ पुन्हा उठते. पू निघायला वाट करून द्यावी लागते, एकतर रूट कॅनाल करून नाहीतर दाढ काढून. तिसरा रस्ता नाही.

सूज जबड्याखाली किंवा गळ्याकडे उतरायला लागली, तोंड नीट उघडेना, थुंकी गिळता येईना, जीभ वर ढकलल्यासारखी वाटली, ताप भरला किंवा श्वासाला त्रास झाला, तर दवाखाना उघडायची वाट बघू नका. रात्र असली तरी लातूरचं मोठं रुग्णालय गाठा. या सुजेने श्वासाची वाट बंद होते आणि माणूस हातचा जातो. वडिलांना साखरेचा आजार असेल तर हे सगळं आणखी झपाट्याने वाढतं, तेव्हा गेल्या गेल्या डॉक्टरांना ते सांगा.

तोवर घरी काय करायचं? कोमट मिठाच्या पाण्याने दिवसातून चार-पाच वेळा चूळ भरू द्या. दुखणं सोसेना तर पॅरासिटामॉल, पोटात. गोळी कुटून हिरडीला लावायची सवय आपल्या खेडोपाडी अजून आहे, ती करू नका. ॲस्पिरिन असं लावलं की हिरडीची साल पांढरी पडून सोलून निघते. रुईचा चीक दाढेत भरणंही तसंच. ठणका थांबल्यासारखा वाटतो, पण आजूबाजूचं मांस भाजतं.

ॲस्पिरिनचं नाव इथे उगाच घेतलं नाही, कारण काजूच्या टरफलातलं जे द्रव्य जंतू मारतं ते त्याच घराण्यातलं आहे. वनस्पतींमधली औषधी द्रव्यं काढणं आणि शिकवणं यातच माझी हयात गेली, म्हणून हा भाग जरा सविस्तर सांगतो. मोबाइलवरच्या त्या मजकुरातलं निम्मं खरं आहे, आणि माणूस फसतो तो त्या खऱ्या निम्म्यापायीच.

काजूची बी मधोमध कापून बघितलीत तर टरफलाचे तीन थर दिसतात. बाहेरची चिवट साल, आतलं गराला चिकटलेलं कडक कवच, आणि दोघांच्या मध्ये मोहोळासारखा जाळीदार थर. या जाळीच्या भोकाभोकांत दाट, लालसर-तपकिरी तेल भरलेलं असतं. टरफलाच्या वजनाच्या साधारण पाव ते तिसरा हिस्सा तेलच असतं. सुरी लागली की ते थेंबाथेंबाने बाहेर येतं आणि हवेत काळं पडत जातं. बी रुजण्याआधी किडीने, बुरशीने किंवा जनावराने ती खाऊ नये म्हणून झाडाने केलेला हा बंदोबस्त आहे.

बी न भाजता, थंड पद्धतीने तेल काढलं तर त्यात साठ ते सत्तर टक्के ॲनाकार्डिक आम्ल निघतं. उरलेल्यात मुख्यतः कार्डोल आणि कार्डनॉल. ॲनाकार्डिक आम्ल म्हणजे सॅलिसिलिक आम्लाचा रेणू, त्याला मागे पंधरा कार्बनांची लांब शेपटी जोडलेली. सॅलिसिलिक आम्ल तुम्हाला अनोळखी नाही. ॲस्पिरिन त्यापासून होतं, पायाच्या कुरुपाच्या मलमात ते असतं, गजकर्णाच्या जुन्या मलमातही असतं. सॅलिसिलिक आम्ल हे या रेणूचं डोकं. त्या डोक्याला पाणी मानवतं, शेपटीला तेल. जंतूच्या पेशीभोवतीचा पातळ पडदा स्निग्ध पदार्थाचाच असतो. शेपटी त्या पडद्यात घुसते, डोकं बाहेर राहतं, आणि असे पुष्कळ रेणू घुसले की पडदा फाटून पेशीतलं सगळं बाहेर गळतं. भांड्याचा साबण तुपाचा थर उचलतो, तसंच काहीसं.

शेपटीत किती ठिकाणी दुहेरी बंध, म्हणजे दोन कार्बनांमधले दुहेरी जोड, आहेत यावर ताकद ठरते. एकही नसलेला, एक, दोन किंवा तीन असलेला, असे चार प्रकार टरफलात एकत्र असतात. जंतूंवर सगळ्यात जोरकस ठरतो तो तीन बंधांचा, आणि बंधच नसलेला सगळ्यात मंद. बंध असले की शेपटी वाकडी-तिकडी आणि लवचीक राहते, सरळ शेपट्या एकमेकींना चिकटून घट्ट बसतात.

हे सगळं नीट तपासणाऱ्यांत अमेरिकेतल्या बर्कले इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले इसाओ कुबो आणि त्यांचे सहकारी पुढे होते. १९९१ साली मसाकी हिमेजिमा आणि कुबो यांनी काजूच्या टरफलातली जंतुनाशक द्रव्यं वेगळी करून त्यांच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. त्यानंतरच्या काही वर्षांत याच गटाने दाखवलं की दात किडवणारा स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स, तारुण्यपीटिकांमधला जंतू आणि त्वचेवर गळवं करणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस या तिघांना ॲनाकार्डिक आम्ल अगदी थोड्या प्रमाणात मारतं. मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकससुद्धा त्यातून सुटला नाही, आणि मेथिसिलिनच्या जोडीने दिलं तर दोघांचा मिळून जोर वाढला. दात किडवणाऱ्या जंतूंचा तो मजकूर इथून आलेला आहे. संशोधन खरं आहे, आणि मला त्याबद्दल मनापासून आदर आहे.

पण त्यातच दुसरी गोष्टही स्पष्ट दिसते. जंतूंचे बाहेरच्या आवरणावरून दोन मोठे गट पडतात. त्यांतल्या ग्रॅम पॉझिटिव्ह जंतूंना हे आम्ल चांगलं मारतं. ग्रॅम निगेटिव्ह जंतूंना बाहेरून आणखी एक पडदा असतो, आणि त्यांच्यापुढे बहुतेक वेळा त्याचं काही चालत नाही. पोटातला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा त्याला अपवाद. आता दाढेच्या गळवात कोण असतं? तिथे एकटा म्युटन्स नसतो, तिथे वसाहत असते. हवेशिवाय जगणारे अनेक जंतू एकमेकांच्या आधाराने राहतात आणि त्यांतले कितीतरी ग्रॅम निगेटिव्ह असतात. दात किडायला जो जंतू सुरुवात करतो तो एक, आणि मुळाशी पू करणारा जमाव दुसरा. पहिल्यावरचं औषध दुसऱ्यावर चालेल असं त्या अभ्यासात कुणी म्हटलेलं नाही. मोबाइलवर येईपर्यंत मधली ही सगळी पायरी गळून पडते.

आता बाटलीतलं तेल. आपल्याकडच्या छोट्या-मोठ्या कारखान्यांत काजू-बी एकतर वाफेवर शिजवतात, नाहीतर भाजतात किंवा गरम तेलात सोडतात, मग कापून गर काढतात. टरफलं वेगळी विकली जातात आणि घाण्यात पिळून त्यांचं तेल काढतात. पुढे रंग, ब्रेकचे पट्टे आणि रेझिन करणाऱ्या उद्योगांना हे तेल जातं, आणि त्यांना ते तापवलेलंच हवं असतं. तेल १८० ते २०० अंशांपर्यंत तापलं की ॲनाकार्डिक आम्लाच्या डोक्यावरचा कार्बॉक्सिल गट, म्हणजे त्याला आम्लपणा देणारा भाग, सुटतो, कार्बन डायऑक्साइड फेसाळत निघून जातो आणि मागे कार्डनॉल उरतं. प्रयोगशाळेत हे करताना भांडं निम्म्यापेक्षा जास्त भरायचं नाही असा आम्ही मुलांना दम देत असू, एवढा फेस वर येतो. घरी हे कुणी करू नका, त्याची वाफ डोळ्यांना आणि छातीला झोंबते.

तो गट गेला की जंतू मारण्याची बरीचशी ताकदही जाते. मग शिल्लक काय राहतं? कार्डनॉल आणि कार्डोल. आणि ही दोघं कातडी भाजण्यात मुळीच मागे नाहीत. म्हणजे तापवलेल्या तेलात ज्या द्रव्यासाठी तुम्ही ते लावणार ते उरलेलंच नसतं, आणि ज्याची भीती ते मात्र जसंच्या तसं असतं. दाजींनी आणलेलं तेल कच्चं आहे की तापवलेलं, अर्धवट शिजलेल्या टरफलाचं आहे की भाजलेल्या, हे बाटलीकडे बघून मलाही सांगता येणार नाही. कारखान्यातल्या माणसाला विचारलं तर तो त्याच्या धंद्यातलं खरं ते सांगेल, पण तो धंदा रंगाचा आणि रेझिनचा आहे.

शुद्ध ॲनाकार्डिक आम्ल काढायची एक सोपी रीत आहे, आणि तिच्यामुळे बाटलीतलं तेल आणि संशोधनातलं द्रव्य यांतलं अंतर लक्षात येतं. कच्चं तेल मिथेनॉल आणि पाण्यात घेऊन त्यात चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, थोडा थोडा घालत गरम करत ढवळतात. कार्डोल आणि कार्डनॉल द्रवातच राहतात. ॲनाकार्डिक आम्ल मात्र चुन्याशी बांधलं जाऊन साक्याच्या रूपात खाली बसतं. तो साका गाळून, धुऊन, पुन्हा आम्लात मोडला की आत अडकलेलं ॲनाकार्डिक आम्ल मोकळं होतं. मग त्यातले चार प्रकार यंत्रावर वेगळे करायचे. बेंगळुरूच्या विठ्ठल मल्ल्या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ही रीत २००१ साली प्रसिद्ध केली आणि ती अजून वापरात आहे. जंतूंवरचे आकडे निघतात ते अशा वेगळ्या केलेल्या, तोलून घेतलेल्या द्रव्याचे. घाण्यातल्या काळ्या तेलावर ते आकडे चिकटवता येत नाहीत.

कच्चे काजू खाण्याबद्दल. दुकानात 'कच्चे' म्हणून मिळणारे पांढरे काजूसुद्धा वाफेवर शिजवून, कापून, सोलून आलेले असतात. ते तसे केल्याशिवाय खाण्याजोगे होतच नाहीत. द्रव्य टरफलात आहे, गरात ते नावापुरतं. तेव्हा पावशेर काजू चावले तर पोट भरेल, दाढेच्या मुळाशी काही होणार नाही. उलट सुजलेल्या दाढेने कडक काहीही चावू नये.

आता आजींचं म्हणणं. त्या अगदी बरोबर आहेत, आणि वनस्पतिशास्त्रानेही बरोबर आहेत. काजू मूळचा ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो गोव्याच्या किनाऱ्याला आणला, तिथून कोकणात पसरला. मराठवाड्याच्या काळ्या रानात तो दिसत नाही. पण त्याचा सख्खा म्हणावा असा भाऊ इथे पिढ्यान्‌पिढ्या आहे, तो बिबा. किनवट-माहूरच्या जंगलात तो उभा आहे, आणि हिंगोली-वाशिमकडे बायका बिबे फोडून गोडंबी काढतात, तीच गोडंबी आपल्या डिंकाच्या लाडवात पडते. काजू, बिबा, आंबा, चारोळी ही सगळी एकाच कुळातली. बिब्याच्या टरफलात जे काळं तेल असतं त्यातलं भिलावनॉल हे कॅटेकोल या रसायनाच्या डोक्याचं आणि पंधरा कार्बनांच्या शेपटीचं द्रव्य आहे. काजूतल्या द्रव्यांची शेपटीही तेवढ्याच लांबीची. जपानात लाखेची भांडी ज्या झाडाच्या चिकाने रंगवतात त्यातही याच घडणीचं द्रव्य असतं, आणि तिथले कारागीरही अंगावर उठणाऱ्या पुरळाने हैराण होतात.

बिबा उतलेला माणूस ज्याने पाहिलाय त्याला अधिक सांगायला नको. आधी खाज, मग लाली, मग पाण्याने भरलेले फोड, डोळे सुजून बंद. बिबा फोडणाऱ्या बायकांचे हात बघा. बोटांची टोकं काळी, नखांच्या कडा कुरतडल्यासारख्या, तळव्याला भेगा. हाताला राख किंवा तेल चोळून त्या बसतात, तरी भाजायचं ते भाजतंच. कोकणात काजू कापणाऱ्या बायकांच्या हातांचीही तीच गत, आणि त्यांचाही उपाय तोच, राख किंवा एरंडेल. या बायकांना चांगले हातमोजे मिळावेत यासाठी आजवर जेवढं व्हायला हवं होतं तेवढं झालेलं नाही, याचं मला मनस्वी वाईट वाटतं.

यात एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. हे भाजणं दोन तऱ्हेचं असतं. एक सरळ चटका, तेल जास्त लागलं की कुणालाही बसणारा. दुसरी ॲलर्जी, आणि ती उशिरा उठते. पहिल्यांदा लागलं तेव्हा कदाचित काहीच होत नाही, पण शरीर त्या द्रव्याची नोंद घेऊन ठेवतं. पुढच्या वेळी थेंबभर लागलं तरी एक-दोन दिवसांनी अंग उठतं. म्हणून 'मी हाताला लावून बघितलं, काही झालं नाही' या म्हणण्याला अर्थ नाही. आणि आपल्या भागात लहानपणी ज्यांना बिब्याचा चटका दिला गेला, काटा मोडला म्हणून बिबा लावला गेला, अशांचं शरीर या घडणीच्या द्रव्याला आधीच ओळखत असतं. काजूचं तेल त्यांच्यासाठी पहिली भेट नसते. तुमच्या वडिलांना कधी बिबा उतला होता का, हे आजींना विचारा.

कातडीवर हे होतं, तर तोंडात काय होईल? तोंडाच्या आतलं अस्तर कातडीपेक्षा कितीतरी नाजूक असतं, आणि लावलेलं तेल लाळेबरोबर घशात उतरतंच. १९८२ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात मुलांच्या एका बेसबॉल संघाने निधी जमवायला काजूची पाकिटं विकली. मोझांबिकहून आलेल्या त्या काजूंत टरफलाचे तुकडे राहून गेले होते. ते खाऊन ५४ जणांच्या अंगावर खाजरं पुरळ उठलं, हातापायांवर, जांघेत, काहींच्या तोंडात फोड आले, काहींना शौचाच्या जागी खाज सुटली. तिथे टरफल म्हणाल तर नुसते तुकडे. तुम्ही तर सुजलेल्या, उघड्या हिरडीला तेलच लावायचं म्हणताय.

इथे कुणी म्हणेल, मग या आम्लाचं औषध का झालं नाही? चाचणीच्या काचेच्या ताटलीत फक्त जंतू असतो. माणसात जंतू आणि माणूस दोघंही असतात, आणि पडदा दोघांच्याही पेशींना आहे. शिवाय हे आम्ल एकाच कुलपाला लागणारी किल्ली नाही. आपल्याच पेशीतल्या कितीतरी विकरांना, म्हणजे एन्झाइम्सना, ते अडवतं. बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात तापस कुंडू यांच्या गटाने २००३ साली दाखवलं की काजूच्या टरफलातलं ॲनाकार्डिक आम्ल पी-३०० नावाच्या विकराला रोखतं. कोणती जनुकं जागी ठेवायची आणि कोणती नाहीत यात या विकराचा हात असतो. कर्करोगाच्या अभ्यासकांना त्यात रस वाटला तो त्यामुळेच. पण जो पदार्थ पेशीच्या इतक्या आतपर्यंत ढवळाढवळ करतो तो बाटलीतून अंदाजाने थेंब थेंब टाकायचा नसतो. त्याच्या रेणूत बदल करून चटका कमी आणि गुण टिकवायचा प्रयत्न रसायनशास्त्रज्ञ करत आहेत. मला त्यांच्याकडून आशा आहे. घाण्यातल्या तेलाकडून नाही.

वासराकडे येतो. देवणीच्या वासरांना डोळ्याभोवती, कानाशी, मानेवर जे राखेसारखे पांढरट गोल चट्टे येतात ते बहुतेक बुरशीचे असतात. वर सांगितलेली ताकद जंतूंवरची आहे, बुरशीवर हे आम्ल तितकं जोरकस नाही. आणि वासराची जागा बघा, डोळ्याच्या कडेला तेल लावलं तर डोळा जाईल. वासरं एकमेकांना चाटतात, गाय वासराला चाटते, म्हणजे ते पोटातही जाणार. हा गजकर्ण चांगल्या पोसलेल्या जनावरात काही महिन्यांत आपोआपही बरा होतो. तोवर वासरू वेगळं बांधा, गोठ्यात ऊन आणि हवा खेळू द्या, खपल्या मऊ करून काढा आणि जाळा, हात साबणाने धुवा. हा आजार जनावराकडून माणसाला लागतो, घरातल्या लेकरांना विशेष. औषधाला तुमच्या उदगीरलाच पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे खरवड तपासून देतील. सॅलिसिलिक आम्लाचाच आधार हवा असेल तर व्हिटफील्डचं मलम आहे, ३ टक्के सॅलिसिलिक आणि ६ टक्के बेंझॉइक आम्लाचं, मोजून केलेलं. जनावराला तेही पशुवैद्याला विचारूनच लावा.

काजूचं तेल जनावरांच्या खाद्यात घालतात हे खरं आहे का, असंही तुम्ही ओघात विचारलंय. खरं आहे. जपानी संशोधकांनी गाईच्या पोटातला मिथेन कमी करायला ते वापरून बघितलं. कोठीपोटातले हायड्रोजन तयार करणारे ग्रॅम पॉझिटिव्ह जंतू त्याने दबतात, मग मिथेन करणाऱ्यांना कच्चा माल कमी पडतो. तिथेही तापवलेल्या तेलाने फारसं साधलं नाही, कच्चंच लागलं. पण ते खाद्यात बांधून, मोजून, चाचण्या करून दिलेलं असतं. बाटली उपडी करून पेंडीत ओतायचा विचार मनात आणू नका. जनावराचं तोंड-पोट भाजेल आणि चारा तुटेल.

गोगलगायींचं दुःख मी समजू शकतो. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडे शंखी गोगलगायींनी उगवतं सोयाबीन रातोरात साफ केलं, दुबार पेरणी करावी लागली. ॲनाकार्डिक आम्ल गोगलगायी मारतं हेही प्रयोगांतून दिसलंय, पण त्या होत्या पाण्यातल्या छोट्या गोगलगायी, आफ्रिका आणि ब्राझीलमध्ये एका परजीवी आजाराचा प्रसार करणाऱ्या, आणि द्रव्य पाण्यातच मिसळलेलं होतं. बांधावरची शंखी गोगलगाय पाठीवर जाड शंख घेऊन फिरते आणि दिवसा दगडाखाली दडते. तिच्यावर तेल फवारायचं तर आधी ते सोयाबीनच्या कोवळ्या पानावर पडेल आणि पान करपेल, फवारणाऱ्याच्या तोंडावर तुषार येतील ते वेगळेच. त्यापेक्षा गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी बांधाकडेला टाका, सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवा. बांधाच्या कडेने चुन्याचा पट्टा ओढा. फारच झाल्या तर मेटाल्डिहाइडच्या गोळ्या आहेत, फक्त कुत्री आणि कोंबड्या त्या खाऊन मरतात हे ध्यानात ठेवा. पहिल्या पावसानंतरचे पंधरा दिवस सगळ्या गावाने मिळून वेचणी केली तर जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही तेलाने पडत नाही.

राहिली बाटली. तिचा खरा उपयोग लाकडाला आहे. कोकणात होड्यांना आणि घराच्या वाशांना हे तेल लावतात, त्याने वाळवी आणि कुजणं लांब राहतं. गोठ्याचा नवा वासा किंवा कुंपणाचा जमिनीत जाणारा खांब असेल तर त्याला लावा, पण जनावर अंग घासेल किंवा चाटेल अशा उंचीवर नको. लांब बाह्यांचा सदरा, जाड रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, आणि उघड्यावर काम. हाताला लागलं तर चोळत बसू नका, लगेच भरपूर साबण-पाण्याने धुवा. अंग उठलंच तर गार पाण्याच्या घड्या ठेवा, फोड फोडू नका, तीळ-खोबरं वाटून लावायला माझी हरकत नाही. पण चेहऱ्यावर सूज आली तर डॉक्टरकडे जा. लाकडाला लावायचं काम ज्याला पूर्वी बिबा उतलाय त्याच्याकडे देऊ नका. आणि बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'विषारी, लाकडासाठी' असं लिहून ती स्वयंपाकघरापासून लांब, लेकरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, कारण मधाच्या बाटलीसारखी ती दिसते.